स्टेरॉइड: घाबरायचं कुठे, कुठे नाही

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न स्टेरॉइडबद्दल आहेत. गंमत अशी, की ज्यांनी औषध नियमित घ्यायला हवं ते धास्तावलेत आणि ज्यांनी धास्तावायला हवं ते बिनधास्त आहेत.

माझे यजमान यंत्रमागावर असतात. दम्यासाठी डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंप दिलाय. शेजारच्या म्हणतात, त्याची सवय लागते. बंद करू का?
— गृहिणी, विडी घरकुल

नका करू. पंपातलं स्टेरॉइड, म्हणजे बहुधा बुडेसोनाइड, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. 200 चे पाच दाब घेतले तेव्हा कुठे 1 मिलिग्रॅम होतं, आणि तेही थेट श्वासनलिकेत जातं. अंगभर फिरणारं औषध फारच थोडं. पंप सोडला की धाप परत येते, ती दम्यामुळे. त्याला सवय म्हणत नाहीत. खरी अडचण वेगळीच असते. धाप लागल्यावर घ्यायचा सॅल्ब्युटामॉलचा पंप लगेच मोकळं करतो, म्हणून लोक तोच ओढत राहतात आणि सूज उतरवणारा, रोजचा पंप कपाटात पडून राहतो. सुताच्या धुळीत दिवस काढणाऱ्याला हे परवडणारं नाही.

यजमान पंप कसा घेतात, ते एकदा शेजारी बसून बघा. आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, दाबता दाबता सावकाश ओढायचं आणि दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या. नंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो.

आईला संधिवात आहे. बाजारात मिळालेल्या कागदी पुड्यांनी ती तीन दिवसांत चालायला लागली. आता सहा महिने झाले. चेहरा गोल सुजलाय, हातांवर काळेनिळे डाग येतात. पुड्या बंद करू?
— अक्कलकोट रोडवरून

पुडीत काय आहे ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण हे वर्णन वाचून स्टेरॉइडचाच दाट संशय येतो. ‘तीन दिवसांत चालायला लागली’ हे तर ओळखीचंच. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हाही ती काही दिवसांत चालू लागली होती. 1950 मध्ये या कामाला नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच पुढे आले.

राग येऊन पुड्या गटारात टाकाव्याशा वाटतील, पण एकदम बंद करू नका. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून आयतं मिळू लागलं, की त्यांचं काम थंडावतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ चाललं तर हे धरूनच चालायचं. अशा वेळी पुडी अचानक थांबली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली जाणं, असं होऊन जिवावर बेतू शकतं. ताप आला किंवा ऑपरेशन करायची वेळ आली तर धोका आणखी वाढतो.

उरलेल्या पुड्या घेऊनच याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. ते बहुधा मोजून-मापून प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी देतील आणि हळूहळू उतरवतील. त्याला काही महिनेही लागू शकतात. साखर, रक्तदाब, हाडं, डोळे तपासून घ्या. दरम्यान उलट्या सुरू झाल्या किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, ‘बहुतेक सहा महिने स्टेरॉइड पोटात गेलंय.’ संधिवातावर चांगली औषधं आहेत, त्यामुळे आईचं चालणं पुड्यांविना अडणार नाही.

मांडीत गजकर्ण झालंय. मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गेली. सोडली की दुप्पट येतं.
— रिक्षाचालक, होटगी रोड

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. त्याने लाली-खाज दबते आणि बुरशी खाली निवांत पसरते. जांघेत कातडी पातळ होऊन ओरखड्यांसारखे चट्टे पडतात, ते पुरते जात नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. निव्वळ बुरशीचं औषध काही आठवडे, खाज थांबल्यावरही, लावावं लागतं. घरातल्या ज्यांना झालंय त्या सगळ्यांचा इलाज एकदमच करायचा. आणि हो, देशभर टॉवेल पुरवणाऱ्या आपल्या सोलापुरात एकाच पंच्याला चौघं अंग पुसतात, तेवढं थांबवा. उन्हाळ्यात घामेजलेले कपडे दोनदा बदला.

मला मधुमेह आहे. अंगावर पित्त उठलं म्हणून पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. सकाळची साखर ठीक आहे, मग काळजी नको ना?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

सर, सकाळची साखर इथे फसवते. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर चढते ती दुपारी-संध्याकाळी. जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. आकडे चढे असतील तर डॉक्टरांना फोन करा, मधुमेहाची गोळी मनाने वाढवू नका. स्टेरॉइड नाश्त्यानंतरच घ्या, रात्री घेतलं तर झोप उडते. सोबत अंगदुखीची गोळी घेऊ नका, पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो. पाच दिवसांचा कोर्स सहसा तिथेच थांबवता येतो, हळूहळू उतरवावा लागत नाही. मात्र उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका.

नाकातला स्टेरॉइड स्प्रे मारला की रक्त येतं.
— विद्यार्थिनी, सात रस्ता

नळी मधल्या पडद्याकडे वळत असणार. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे ती आपोआप बाहेरच्या बाजूला वळते. तरीही रक्त येत राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.