वाचकांचे प्रश्न : चिरायची फळी, तिच्या भेगा आणि तेल

प्रश्न : भाजी चिरायची सागवानी फळी आहे, दीड फूट लांब, दहा इंच रुंद, इंचभर जाड. मधोमध खळगा पडलाय, टोमॅटोचं पाणी तिथंच साचतं. सुरीच्या चरांत काळपटपणा आहे, कांद्या-मिरचीचा वास जात नाही. पॉलिश पेपर मारून भागेल का? (जळगाव)

उत्तर : खळगा किती खोल आहे, त्यावर ते ठरतं. स्टीलची पट्टी फळीवर धारेवर उभी धरा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च पाडा. उजेडाची फट दिसेल. फट मिलिमीटरभर असेल तर पेपरनं काम होतं. दोन मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर पेपरच्या नादी लागू नका, रंधाच हवा. हातात नुसता पेपर धरून घासणारे हमखास फसतात, कारण बोटांचा दाब खळग्यातच जातो आणि तो आणखी खोल होतो. पेपर नेहमी लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून वापरायचा.

आधी धुणं. तेलकट फळीवर पेपर मारला की तो लगेच भरतो. दोन चमचे जाड मीठ पसरून अर्ध्या लिंबानं दाबून घासा, दहा मिनिटांनी गरम पाण्यानं दोन्ही बाजू धुवा. ज्या फळीवर कच्चं मांस-मासे कापले जातात, तिला ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा (१५ मिली) बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी लावा, काही मिनिटांनी स्वच्छ धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मग फळी सावलीत काठावर उभी करून दोन दिवस वाळवा. ‘ऊन चांगलं पडलंय’ म्हणून एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टाकाल, तर दुरुस्तीचं काम दुप्पट होईल.

रंधा प्रथम तिरपा मारून उंच कडा खाली आणा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. लाकूड उचकटायला लागलं तर फळी फिरवून उलट्या बाजूनं मारा. दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढलेलं बरं. एकाच बाजूनं खूप काढलं तर फळी वाकू शकते. जाडी १५ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. त्यानंतर ८०, १२० आणि १८० नंबरचा पेपर, या क्रमानं. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. सागाचा भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो, तोंडाला मास्क लावा.

आता बहुतेक जण गाळतात ती पायरी. फळी ओल्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, हाताला खरखरीत लागेल. तेव्हा २२० नंबरचा पेपर हलक्या हातानं फिरवा. हे केलं नाही तर पहिल्याच धुण्यात फळी पुन्हा खरखरीत होते.

काळपटपणाचं म्हणाल, तर दोन प्रकार आहेत. निळसर-काळा, सपाट, खिळ्याजवळ किंवा विळी-सुरी ओली राहिली तिथं उमटलेला डाग म्हणजे लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग. साग-बाभळीवर तो सर्रास दिसतो. निरुपद्रवी आहे, लिंबानं फिका पडतो. ठिपक्याठिपक्यांचा, कुबट वासाचा काळेपणा ही बुरशी. दीड-दोन मिलिमीटर काढूनही ठिपके आत दिसत राहिले, तर ती फळी स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

प्रश्न : तीन पट्ट्या जोडून केलेली फळी आहे, खाली दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. मे महिन्यात सांधा उघडला, शिवाय एका पट्टीत भेग गेली. भुसा आणि फेव्हिकॉल भरू का? (धुळे)

उत्तर : भरू नका. दोष त्या खालच्या खिळ्यांचा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर तुमची फळी आकसू पाहत होती आणि आडव्या पट्ट्यांनी तिला धरून ठेवलं. मग ती फाटणारच. भुशाचं लुकण कोरड्यात घट्ट दिसतं, पण फळी फुगली-आकसली की सुटून तुकडा भाजीत येतो. खालून एम-सील भरणं तर अन्नाच्या वस्तूला नकोच.

खालच्या आडव्या पट्ट्या काढा. उघडलेल्या सांध्यातलं जुनं सरस पटाशीनं खरवडून दोन्ही काठ रंध्यानं सरळ करा. पाण्याला टिकणारं वॉटरप्रूफ वुड ग्लू दोन्ही काठांना पातळ लावा. साधा पांढरा गोंद पाण्यात पुन्हा मऊ पडतो. भेग असलेल्या पट्टीला सुतारी उपाय असा, की भेगेवरूनच करवत चालवून पट्टीचे सरळ दोन भाग करायचे, काठ रंधून परत चिकटवायचे. चार-पाच मिलिमीटर रुंदी जाते, भेग कायमची जाते.

दीड फुटाला तीन शिकंजे (क्लॅम्प) लावा, एक वरून, एक खालून, आलटून पालटून. सगळे एकाच बाजूनं आवळले तर फळी कमानीसारखी उचलते. सांध्यातून ग्लूचे बारीक मणी आले की थांबा. जास्त आवळलं तर ग्लू सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. शिकंजे नसतील तर जाड प्लायवर दोन ठोकळे ठोकून मधे पाचरी मारा. हे काम सकाळी लवकर उरका, दुपारच्या झळांत ग्लूवर मिनिटांत साय धरते. २४ तास हात लावू नका.

आडव्या पट्ट्या परत हव्याच असतील तर खिळे नकोत. स्क्रू लावा आणि पट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. ग्लू अजिबात नको. आणि फळी कूलरच्या समोर ठेवत असाल तर जागा बदला; एक बाजू ओल्या वाऱ्यात आणि दुसरी भिंतीला, हे तिला वाकवायला पुरेसं आहे.

प्रश्न : फळीला शेंगदाणा तेल लावलं. चिकट झाली, खवट वास येतो. मग काय लावायचं? जवस तेल चालेल? (चोपडा)

उत्तर : शेंगदाणा, सोयाबीन, करडई यांपैकी काहीच नको. शेंगदाणा तेल लाकडात सुकत नाही, आत बसून खवट होतं. फळी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं दोनदा घासा, वाळवून १२० नंबरचा पेपर मारा.

औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन आय.पी. (म्हणजे औषधी दर्जाचं) सगळ्यात सोपं. बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करा. दीड फुटाच्या फळीला पहिल्या हाताला २०-३० मिली लागेल. दोन्ही बाजू आणि चारही काठ; दोन्ही टोकं सर्वांत जास्त पितात, तिथं दोनदा लावा. रात्रभर ठेवून वरचं पुसा. असे तीन हात.

घाण्याचं कच्चं जवस तेल चालतं, ते सुकून घट्ट होतं, पण आठवडे लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल घेऊ नका, त्यात सुकवणारे धातूचे क्षार असतात. आणि जवसाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. पाण्यात बुडवा, किंवा बाहेर सपाट पसरून वाळवा.

पाणी ओघळून जावं असं वाटत असेल तर वरून मेण लावा. १०० ग्रॅम लिक्विड पॅराफिनला २५ ग्रॅम मधमाशीचं मेण, उकळत्या पाण्यातल्या भांड्यात वितळवायचं, थेट गॅसवर नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे मलम फार सैल पडतं, तेव्हा मेण ३०-३५ ग्रॅम घ्या. पाण्याचा थेंब नुसता पसरायला लागला की पुढचा हात.

प्रश्न : भरीत कुटायच्या बडगीला (लाकडी भांड्याला) बारीक भेगा पडल्यात. (यावल)

उत्तर : केसासारख्या असतील तर दोन्ही टोकांना तेल पाजा, आत काही भरू नका. भेग आरपार जाऊन पाणी झिरपत असेल तर तिच्यात वांगं अडकून कुजतं. अशी बडगी भरताला नको, कोरड्या मिरच्या कुटायला ठेवा. कुटून झाल्यावर पाणी भरून ठेवू नका. लगेच गरम पाणी, काथ्याचा घासणा, आणि एका काठाखाली लाकडाचा तुकडा सारून पालथी ठेवायची.