फ्लॅश वाचायचाय? वॉलीपासून सुरू करा

फ्लॅश म्हणजे डीसी कॉमिक्सचा अफाट वेगाने धावणारा सुपरहिरो. त्याचं १९४० पासून ओळीने सगळं वाचायचा बेत आधी सोडा. बहुतेक नवे वाचक तिथेच दमतात. फ्लॅश हे नाव वेगवेगळ्या पात्रांनी घेतलंय; सध्या त्यातली तीन पुरेत: जे गॅरिक (१९४०), बॅरी ॲलन (१९५६) आणि वॉली वेस्ट.

मला विचाराल तर वॉली आधी. १९९२ साली ६२व्या अंकापासून मार्क वेडने लेखन हाती घेतलं, तिथून धरा. वॉली हा बॅरीचा जुना चेला. १९८५ मध्ये बॅरी मेला आणि पोशाख वॉलीकडे आला; गुरूच्या जागी उभं राहायची धास्ती या अंकांत पुन्हा पुन्हा दिसते. ते आवडलं की बॅरीची पहिली कथा काढा. त्यात हा पठ्ठ्या चक्क जे गॅरिकचं कॉमिक वाचत बसलेला असतो!

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो:

- अंकाच्या नंबरावर जाऊ नका. 'अंक १' बऱ्याचदा निघालाय. उलट बॅरीचं स्वतःचं कॉमिक १९५९ मध्ये थेट १०५ पासून सुरू झालं, कारण जेचं १०४वर बंद पडलं होतं.
- टीव्ही मालिका पाहून येत असाल तर तिथली नातीगोती इथे शोधू नका.

या कथांमधल्या समांतर पृथ्व्यांचा, म्हणजे एकाच वेळी असलेल्या वेगवेगळ्या विश्वांचा, गुंता इतक्यात नकोच.