चार वर्षे परदेशात इंग्रजी शिकवले, आता पुढे काय?

नाशिकमध्ये करिअरविषयक समुपदेशन करताना इंग्रजीत एम.ए. झालेल्या तरुणांकडून एक प्रश्न वारंवार येतो: परदेशात इंग्रजी शिकवायला गेलो, तर त्यात भवितव्य आहे का? हा प्रश्न त्यांना का पडतो, हे त्यांच्या परिस्थितीकडे पाहिले की लगेच कळते. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सुट्टीच्या महिन्यांत मानधन मिळत नाही आणि पुढच्या वर्षी आपले तास राहतील याची खात्री नसते. शासनमान्य मार्गाने शाळेत लागलेल्या शिक्षणसेवकालाही पहिली तीन वर्षे मानधनावरच काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यानंतरही ते मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये आहे. अशा वेळी व्हिएतनाम किंवा थायलंडमधील नोकरीची जाहिरात मोबाइलवर दिसली, की मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे.

बहुतेक जण हा प्रश्न जाण्यापूर्वी विचारतात. ज्याची हकिकत मी येथे त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगत आहे, तो मात्र चार वर्षे शिकवून परतल्यावर माझ्याकडे आला होता. वय बत्तीस, सिन्नर तालुक्यातील शेतकरी कुटुंब, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात आणि पुढे इंग्रजीत एम.ए. सेट परीक्षेचे प्रयत्न चालू असताना त्याने १२० तासांचे एक ऑनलाइन टेफल प्रमाणपत्र (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे) मिळवले आणि हो ची मिन्ह शहराबाहेरील एका खासगी भाषा केंद्रात नोकरी धरली. तिकिटाचे पैसे जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असलेल्या थोरल्या बहिणीने दिले होते, आणि पहिल्या भेटीला तीच त्याच्यासोबत आली होती.

बोलायला सुरुवातही तिनेच केली. “मॅडम, हा पुन्हा एका वर्षाचा करार करायचा म्हणतोय. तिथे पेन्शन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. चाळिशीत परत आल्यावर याला इथे कोण विचारणार?” तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “ताई, तू म्हणतेस ते खरं आहे. पण इथे राहून तरी मला कोण विचारतंय?”

या दोन वाक्यांत त्या घरातील चार वर्षांचा वाद सामावलेला होता. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणून कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्यात मी वेळ घालवला नाही. पुढची भेट त्याच्या एकट्याची ठेवली.

त्या भेटीत जे बाहेर आले, ते पगारापेक्षा वेगळे होते. त्याच्या केंद्रात इंग्रजी भाषक देशातून आलेला एक तरुण सहकारी होता. त्याची पदवी शिक्षणाशी संबंधित नव्हती आणि शिकवण्याचा अनुभवही नव्हता, तरी त्याचे मानधन याच्यापेक्षा बरेच अधिक होते आणि केंद्राच्या फलकावर छायाचित्रही त्याचेच होते. पालकांनी विचारले तर आपण भारतीय आहोत हे सांगू नये, असे व्यवस्थापनाने याला सुचवले होते. याने ते मानले. हळूहळू आपले उच्चार बदलण्याचा प्रयत्न सुरू केला आणि कुठले असे विचारल्यावर नाशिकचे नाव घेणे सोडून दिले. “माझं मराठी माध्यम आड येतं, मॅडम,” हे वाक्य तो त्या तासाभरात अनेकदा बोलला.

माझ्या अनुभवात परदेशी इंग्रजी शिकवणाऱ्या भारतीयांची सर्वांत मोठी हानी येथे होते. कायद्याने आणि बाजाराने घातलेली अट हा माणूस स्वतःच्या योग्यतेवरचा निकाल समजू लागतो. म्हणून मी त्याच्यासमोर ती अट जशी आहे तशी मांडली. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा इंग्रजीकरिता मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांसाठी एक मर्यादित वाट उघडली, पण तिला शिक्षकाची व्यावसायिक पात्रता लागते. चीनही इंग्रजी शिकवण्याचा परवाना साधारणपणे इंग्रजी मातृभाषा मानल्या गेलेल्या देशांच्या नागरिकांनाच देतो. थायलंडमध्ये इतर देशांच्या शिक्षकांकडून टोईक किंवा आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागितले जातात. यांपैकी पहिल्या दोन देशांत उमेदवार वर्गात कसा शिकवतो हे पाहण्याआधीच त्याचा पासपोर्ट पाहिला जातो. मराठी माध्यमात शिकलेला आणि बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला असे दोन्ही भारतीय तेथे एकाच रांगेत उभे असतात.

ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवले: जेथे इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नाही, पण शिक्षण, न्यायालये आणि प्रशासन यांत ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते असे देश. एम.ए.च्या अभ्यासात त्याने हे वाचले होते, पण स्वतःच्या आयुष्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या टेसोलने २००६ मध्ये मातृभाषेच्या आधारे शिक्षकांमध्ये भेदभाव करण्याला स्पष्ट विरोध नोंदवला आहे, हेही मी त्याला दाखवले. अशा भूमिकेमुळे व्हिसाचे नियम बदलत नाहीत, हे मान्य करूनही मला वाटते, की आपल्याला लागलेला घाव हा व्यवसायातील जाणकारांनीही अन्याय म्हणून ओळखला आहे, हे माणसाला कळणे आवश्यक असते.

मग मी त्याला स्वतःचा एखादा चांगला झालेला तास सविस्तर सांगायला सांगितले. आतापर्यंत अडखळत बोलणारा तो एकदम मोकळा झाला. व्हिएतनामी मुले इंग्रजी शब्दाच्या शेवटचे व्यंजन गिळतात, त्यामुळे अनेकवचन आणि भूतकाळ दोन्ही ऐकूच येत नाहीत. त्यासाठी त्याने टाळ्यांचा एक खेळ तयार केला होता. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ केव्हा वापरायचे, हे त्या सहकाऱ्याला मुलांना समजावून सांगता येत नसे, कारण त्याला ते कधी शिकावेच लागले नव्हते. याने मात्र मराठी शाळेत पाचवी-सहावीत ते धडपडत शिकले होते. मराठीत ती उपपदे नाहीत, म्हणून मुले कोठे चुकणार हे त्याला आधीच दिसत असे. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या शिक्षकाचे हे खरेखुरे बळ आहे, आणि ते त्याच्याकडे भरपूर होते. ज्या मराठी माध्यमाला तो दोष देत होता, त्यातूनच ते आले होते.

परंतु आत्मविश्वास परत आला म्हणून ताईचा प्रश्न सुटत नव्हता. भाषा केंद्रातील कामाला चढण्यासारख्या पायऱ्या फार थोड्या असतात. शिक्षक, वरिष्ठ शिक्षक आणि शैक्षणिक समन्वयक यांपुढे जे काही असते, ते बहुधा प्रवेश मिळवण्याचे आणि विक्रीचे काम असते. मुले दिवसा शाळेत असल्यामुळे तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात, म्हणजे मित्र आणि समाज यांच्या वेळेशी शिक्षकाची वेळ जुळत नाही. चार वर्षांत त्याने प्राथमिक स्तराचे तेच पुस्तक पुन्हा पुन्हा शिकवले होते. पहिल्या वर्षी नवीन देश, नवीन माणसे आणि बरे मानधन यांमुळे हे जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते फार जाणवते.

याच क्षेत्रात दुसरे जग आहे ते आंतरराष्ट्रीय शाळांचे आणि आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे. तेथे वेतनश्रेणी, विभागप्रमुखपद आणि सुट्ट्यांचा पगार या गोष्टी असू शकतात, पण दारावर पहिला प्रश्न बी.एड.चा किंवा शिक्षक परवान्याचा असतो. मालदीवच्या शाळांतही भारतीय शिक्षक दीर्घकाळ काम करत आले आहेत आणि तेथेही शिक्षक म्हणून पात्रता पाहिली जाते. या दोन जगांत ये-जा करण्याचा मार्ग अनुभवाच्या वर्षांतून जात नाही, तो पात्रतेतून जातो. दहा वर्षे भाषा केंद्रात शिकवलेल्या, पण बी.एड. नसलेल्या माणसापेक्षा दोन वर्षांचा शालेय अनुभव असलेला बी.एड.धारक तेथे पुढे जातो. हे मी त्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले, कारण त्याची मोठी भिस्त चार वर्षांच्या अनुभव प्रमाणपत्रावर होती.

प्रमाणपत्रांविषयीही थोडे सांगायला हवे. घरबसल्या मिळणारे १२० तासांचे टेफल आणि केंब्रिजचे सेल्टा यांत मोठा फरक आहे. सेल्टामध्ये प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक ते पाहून मूल्यमापन करतात, म्हणून जगभरातील दर्जेदार भाषा संस्था त्याला मान देतात. तथापि सेल्टा म्हणजे शाळेचा शिक्षक परवाना नव्हे. प्रौढांना शिकवायचे असेल तर सेल्टा आणि शाळेत जायचे असेल तर बी.एड., अशी निवड आधी करावी लागते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या दूरस्थ बी.एड.विषयी त्याने विचारले. परंतु तो अभ्यासक्रम शाळेत सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, त्यामुळे त्याच्यापुढे सीईटी देऊन नियमित दोन वर्षांचे बी.एड. करणे हाच मार्ग होता.

याच सुमारास एका मध्यस्थाने त्याला चीनमधील नोकरी देऊ केली. दीड लाख रुपये आधी भरायचे, व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर जायचे आणि परवाना ‘नंतर करून देऊ’. मागील चार वर्षांचा कंटाळा आणि मोठ्या पगाराचा आकडा यांमुळे तो जवळजवळ तयार झाला होता. येथे मी नेहमीची समुपदेशकाची तटस्थता बाजूला ठेवली. चीनमध्ये नोकरी करायची तर कामाचा झेड व्हिसा आणि त्यामागे कामाचा परवाना लागतो. इतर व्हिसावर शिकवताना सापडल्यास दंड, कोठडी आणि हद्दपारी होऊ शकते, आणि ते भोगावे लागते शिक्षकाला, मध्यस्थाला नव्हे. शिवाय जुलै २०२१ मध्ये तेथील सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर निर्बंध आणल्यापासून तो बाजारच आकसला आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, नोंदणीकृत मध्यस्थांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते आणि त्याला घेता येणारे सेवाशुल्क कमाल ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकेच आहे. त्याने यादी पाहिली. त्या माणसाचे नाव तीत नव्हते. तो विषय तेथेच संपला.

तिसऱ्या भेटीला ताई पुन्हा आली. भावाने आता टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि शिक्षक अभियोग्यता परीक्षा देऊन पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून शासकीय नोकरीत यावे, अशी तिची इच्छा होती. तिची कळकळ मला कळत होती, पण तिलाही एक वस्तुस्थिती सांगणे भाग होते: पहिली अभियोग्यता परीक्षा २०१७ च्या अखेरीस झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. ज्या मार्गावर दोन परीक्षांत इतके अंतर पडू शकते, त्याच्यावर बत्तीस वर्षांच्या माणसाने एकमेव आशा ठेवणे मला योग्य वाटत नाही. ताईला हे आवडले नाही. ती म्हणाली, “मॅडम, सगळ्यांनी असाच विचार केला असता तर मी आज कुठे असते?” तिच्या प्रश्नात तथ्य होते आणि मी तसे म्हणाले. पण ती लागली तो काळ वेगळा होता, हेही तिने थोड्या वेळाने स्वतःहून मान्य केले.

निर्णय त्याने घेतला. केंद्राला त्याने लिहून विचारले, की समान तासांना समान मानधन मिळणार असेल आणि पालकांपुढे आपले राष्ट्रीयत्व लपवावे लागणार नसेल तरच करार वाढवीन. उत्तर नकाराचे आले. त्याने करार सोडला, सीईटी दिली आणि नाशिकमध्येच बी.एड.ला प्रवेश घेतला. व्हिएतनामची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे तेथील नोकरदारांचा संध्याकाळी सातचा वर्ग येथे साडेपाचला सुरू होतो. महाविद्यालयातून आल्यावर तो त्यांना ऑनलाइन शिकवतो. त्यातून तेथल्या पगाराच्या निम्मेही मिळत नाही, पण शुल्क आणि खर्च भागतो. आपण नाशिकचे आहोत, हे तो पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगतो.

सध्या तो दुसऱ्या वर्षाला असून त्याची आंतरवासिता एका मराठी शाळेत चालू आहे. टीईटीचा अर्ज त्याने ताईच्या आग्रहाखातर भरला आहे, आणि त्याच वेळी आखातातील शाळांसाठी पदवीचे साक्षांकन कसे करायचे, याची चौकशीही केली आहे. संयुक्त अरब अमिरातीसाठी केवळ अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत चालणारा कागदपत्रांच्या खरेपणाचा एकच शिक्का, पुरत नाही, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशी साखळी पूर्ण करावी लागते, म्हणून एम.ए.च्या मूळ पदवीपासून आताच सुरुवात करण्यास मी त्याला सांगितले आहे. ताई अजूनही नाराज आहे. पण साक्षांकनासाठी मुंबईला जायचे ठरले, तेव्हा शाळेतून रजा काढून ती त्याच्यासोबत गेली.