ऑफर लेटर एकाचं, काम दुसऱ्याकडे

नाशिकच्या सातपूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते अंबडच्या कारखान्यात २२ वर्षं लेथवर आहेत. मुलगा यंदा कॉम्प्युटर इंजिनीअर झाला. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला घेतलंय, पण काम दुसऱ्याच मोठ्या कंपनीत आणि करार ११ महिन्यांचा. ते लिहितात, 'आमच्या गेटवर ठेकेदाराची पोरं वेगळ्या रंगाच्या पासवर आत येतात. दिवाळीत बोनस वाटताना त्यांची तोंडं मी बघितली आहेत. इंजिनीअर करून पोराला तेच करायला लावू का?'

नमस्कार.

तुमची शंका खरी आहे. आयटीत याला थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. क्लायंटला, म्हणजे जिथं काम असतं त्या मोठ्या कंपनीला, माणूस हवा असतो, पण कायमचा नको असतो. मधली कंपनी माणूस पुरवते, महिन्याला बिल लावते आणि आपला वाटा ठेवून पगार देते. पासचा रंगसुद्धा पुष्कळ ठिकाणी वेगळा असतो.

माझ्याकडे येणारी नाशिकरोडची एक मुलगी अशा नोकरीत तीन वर्षं होती. दर शुक्रवारी तिला टाइमशीट, म्हणजे आठवडाभरातल्या कामाच्या तासांची नोंद, भरावी लागे आणि ती क्लायंटच्या मॅनेजरनं मंजूर करायची. तो रजेवर गेला की मंजुरी अडकायची आणि पगार लांबायचा. एकदा खोलीच्या भाड्यासाठी तिनं आईकडून पैसे मागवले. टीम लोणावळ्याला गेली, तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. पण याच तीन वर्षांत रात्री बंद पडलेलं पेमेंट नेमकं कुठे अडकलं, हे लॉग, म्हणजे सिस्टिमनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचून शोधायला ती शिकली. त्याच जोरावर पुढची नोकरी कायम मिळाली. लेथवर हात बसला की माणूस कुठल्याही कारखान्यात उभा राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मुलाला आधी हे विचारायला लावा, की तिथं काम नेमकं कसलं आहे? कोड लिहायचा आहे, की नुसत्या एक्सेल शीट भरायच्या आहेत? शीट भरायच्या असतील तर मी नको म्हणेन.

माझी खरी काळजी पुढची आहे. ११ महिने संपले आणि दुसरा क्लायंट मिळाला नाही, तर? या मधल्या काळाला बेंच म्हणतात. बेंचवर पगार चालू राहतो का, किती दिवस, की त्याच दिवशी नोकरी संपते, हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर मुलानं एचआरला ईमेल करून विचारावं. फोनवरच्या 'काळजी करू नका'ला काही किंमत नाही.

तो पगारावर आहे की कन्सल्टंट, हेही बघा. कन्सल्टंट म्हणून घेतात तेव्हा बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापून रक्कम हातात देतात. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पगारावर असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मिळेल. दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून बघा. बऱ्याच कंपन्या १५,००० रुपयांवरच हिशोब धरतात, म्हणजे त्याचे महिन्याला १,८०० रुपये जमा दिसतील. मूळ पगार १५,००० पर्यंत असेल तर कंपनीच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शनकडे वळतो, त्यामुळे तो आकडा लहान दिसला तर घाबरू नका. मात्र तो हिस्सा पॅकेजमध्येच धरलेला असतो, म्हणून हातात किती येणार ते वेगळं विचारा.

आणि एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते. काही एजन्सी फ्रेशरच्या बायोडाटात दोन वर्षांचा खोटा अनुभव घालायला लावतात. पुढे कुठलीही चांगली कंपनी पडताळणी करते, पीएफच्या नोंदी बघते, आणि मुलगा तिथेच अडकतो. असं सुचवलं, ट्रेनिंगचे पैसे मागितले किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले, तर सरळ उठून यावं.

यातलं काही नसेल आणि बेंचचं उत्तर लेखी आलं, तर जाऊ द्या त्याला. नाशिकमध्ये फ्रेशरसाठी आयटीच्या जागा मोजक्याच आहेत. पहिल्या दिवशी गळ्यात वेगळ्या रंगाचा पट्टा पडला तर तो का, हे मात्र त्याला तुमच्याकडूनच कळू द्या. आज रात्री जेवतानाच सांगा.