परिसर, पर्यावरण, परिसंस्था, अधिवास: कुठला शब्द कुठे?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी नववीला आहे, परिसर, पर्यावरण, परिसंस्था, अधिवास हे शब्द पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळते. शिवाय जाती आणि प्रजाती यांत नेमका फरक काय?

ताई, हे शब्द यादी करून पाठ होत नाहीत. त्यापेक्षा एखादी ओळखीची जागा धरावी. तुमच्याकडे रंकाळा तलाव आहे, मग दुसरीकडे कशाला जायचं?

परिसर म्हणजे तलाव आणि त्याच्या भोवतालचा भाग. लहानपणच्या 'परिसर अभ्यास'मधला तोच शब्द. पर्यावरण म्हणजे एखाद्या जीवाला वेढून असलेलं आणि त्याच्यावर परिणाम करणारं सगळं: पाणी, ऊन, हवा, माती, दुसरे जीव, माणसाचे उद्योगसुद्धा. म्हणून पर्यावरण म्हटलं की 'कुणाचं?' असं विचारता येतं. रंकाळ्यातल्या माशाचं पर्यावरण आणि काठावरच्या चिंचेचं पर्यावरण एक नव्हे.

परिसंस्थेवर मात्र जरा थांबा, कारण खरी गंमत तिथे आहे. तलावातले जीव, तिथले निर्जीव घटक आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण मिळून परिसंस्था होते. हा शब्द 'इकोसिस्टम' या इंग्रजी संज्ञेसाठी वापरतात; ती ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली यांनी 1935 मध्ये मांडली. पाण्यातलं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, म्हणून ते उत्पादक. ते खाणारे बारीक जीव प्राथमिक भक्षक, त्यांना खाणारे मासे द्वितीयक, आणि मासा टिपणारा खंड्या त्यांच्याही वर. मेलेलं सगळं कुजवून त्यातली द्रव्यं परत पाण्यात आणि गाळात सोडणारे जिवाणू आणि बुरशी हे विघटक.

आता पाण्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलं तर काय होतं ते बघा. मुळात ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट आलं की ती फोफावते. हिरव्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, शैवाल मागे पडतं. पुढे केंदाळ कुजायला लागलं की विघटकांचं काम वाढतं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते संपवत जातात आणि मासे गुदमरतात. खंड्याला कुणी हातही लावलेला नसतो, तरी त्याचं खाणं जातं. एका ठिकाणी धक्का बसला की तो भलतीकडे जाऊन पोचतो, हे ज्या शब्दातून कळतं तो परिसंस्था. ही नाती अभ्यासणारं शास्त्र ते परिस्थितिकी.

मुलीला अन्नसाखळी काढायला सांगाल तेव्हा बाणाची दिशा तेवढी तपासा. बाण खाल्ला जातो त्याच्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेचा प्रवास दाखवतो. बरीच मुलं उलटा काढतात. आणि एकच मासा दोघातिघांचं खाद्य असतो, त्यामुळे अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून अन्नजाळं होतं.

अधिवास हा शब्द तुम्ही दाखल्यावर वाचलेला आहे: 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. अर्थ तोच, कायम राहण्याची जागा. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हा गव्याचा अधिवास. त्याच जंगलात विघटक, झाडं, पाणी, बिबट्या धरून जी व्यवस्था चालते ती परिसंस्था. अधिवास नेहमी एखाद्या जीवाचा सांगायचा, परिसंस्था त्या जागेची.

गवा आलाच आहे तर जाती-प्रजातीही इथेच सांगतो. शालेय पुस्तकांच्या मराठीत क्रम असा: कुल, प्रजाती, जाती. म्हणजे जाती ही सगळ्यांत लहान पायरी. वर्तमानपत्रांत सर्रास 'पक्ष्यांच्या अमुक प्रजाती' छापतात, तिथे बहुतेक वेळा जातीच अभिप्रेत असतात. हिंदीच्या सवयीने हे झालंय आणि मला ते खटकतं, कारण एक नेमका फरक त्यात पुसला जातो. गाय आणि गवा दोघंही बॉस या एकाच प्रजातीतले, जाती वेगळ्या. म्हैस ब्युबॅलस प्रजातीतली, म्हणजे एक पायरी लांबची; तिघांचं कुल मात्र एक. आपल्याकडे गव्याला 'गवारेडा' म्हणतात, त्यावरून तो म्हशीच्या जवळचा वाटतो. नातं गाईशी आहे. बोलताना गवारेडा म्हणायला काहीच हरकत नाही, वर्गीकरण लिहिताना गवा लिहावं.

शेवटची जोडी: स्थानिक आणि प्रदेशनिष्ठ. जांभूळ आपल्याकडे स्थानिक, पण ते भारतभर आणि बाहेरही आपोआप वाढतं. कंदीलपुष्पांच्या काही जाती सह्याद्री सोडून जगात कुठेच निसर्गतः सापडत नाहीत, त्या प्रदेशनिष्ठ. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अशा जाती जपल्या आहेत. पावसाळ्यात मुलीला घेऊन जा, फुलं त्याच दिवसांत येतात.