मोठं विमान की घरचा बेस?

प्रश्न: एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून माझी निवड झाली आहे. शुक्रवारपर्यंत पसंतीक्रम भरून द्यायचा आहे. घरच्या बेसवर, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते त्या शहरात, छोटं एअरबस ए३२० मिळेल. लांब पल्ल्याचं मोठं बोइंग ७७७ हवं असेल तर बेस दोन तासांच्या विमानप्रवासावर. मुलगी आठ महिन्यांची आहे. बायको म्हणते इथेच राहा, बॅचमधले म्हणतात ७७७ सोडू नकोस.

उत्तर: तुमच्या पत्नींचं ऐका. केवळ मायेपोटी नव्हे, हिशेबानेही त्याच बरोबर आहेत.

रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), सुट्ट्या, कॅप्टनपद जिथे सिनिऑरिटीवर ठरतं, तिथे कंपनीभरातला नंबर रोजच्या जगण्यात फारसा उपयोगी पडत नाही. त्या बेसवर, त्या विमानाच्या फर्स्ट ऑफिसरांत तुमच्या खाली किती जण आहेत, ते बघायचं. ७७७साठी जुने लोकही रांगेत असतात. तिथे तुम्ही तळाला राहाल, आणि तळाचा माणूस स्टँडबायवर असतो. फोन आल्यावर दीड-दोन तासांत रिपोर्ट करायचं, तर दुसऱ्या शहरात राहून ते जमणार कसं? म्हणजे तेवढे दिवस बेसजवळ भाड्याची खोली.

नियमित ट्रिप मिळाल्या तरी ये-जा सुटत नाही. स्टाफ तिकिटावर सीट उरली तरच बसायला मिळतं, त्यामुळे हातात नेहमी दोन फ्लाइट्स ठेवाव्या लागतात. सकाळी सहाच्या रिपोर्टिंगसाठी आदल्या दुपारीच घर सोडायचं. चार दिवसांची ट्रिप सहज सहा दिवस खाते, आणि त्या प्रवासाचा शीण घेऊनच कॉकपिटमध्ये बसावं लागतं.

हात बसण्याचा मुद्दा तर मला याहून मोठा वाटतो. लांब पल्ल्यावर तीन-चार पायलट असतात, लँडिंग मात्र एकच. महिन्याला हाताशी मोजकीच येतात. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंगची अट पुरी करायला कित्येकांना सिम्युलेटर गाठावा लागतो. ए३२०वर चार सेक्टरच्या (उड्डाणांच्या) दिवसात सहसा दोन लँडिंग तुमच्या वाट्याला येतात. आडवा वारा, ओली धावपट्टी, आखूड टर्नअराउंड (दोन उड्डाणांमधला वेळ) हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. कॅप्टनपदही छोट्या विमानांवर बहुधा लवकर येतं.

टाइप रेटिंगनंतर, म्हणजे त्या जातीच्या विमानासाठीचं प्रशिक्षण आणि मान्यता मिळाल्यावर, कंपनी काही काळ विमान बदलू देत नाही, कारण त्या प्रशिक्षणाचा खर्च मोठा असतो. त्याच विमानावर बेस बदलणं त्यामानाने सोपं. म्हणून फॉर्म देण्याआधी क्रू शेड्युलिंगला (ड्युट्या लावणाऱ्या विभागाला) किंवा आधीच्या बॅचला तीन गोष्टी नक्की विचारा: हा लॉक किती वर्षांचा, घरच्या बेसवर सगळ्यात नवा माणूस किती महिने स्टँडबायवर आहे, आणि तिथली विमानं कमी तर होणार नाहीत ना. शेवटचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा. सगळं कुटुंब ७७७च्या शहरी हलवायची तयारी असेल, तर ये-जा आणि खोलीचा प्रश्न मिटतो. लँडिंगचा राहतोच.

घरचा ए३२० पहिला लिहा, जवळच्या दुसऱ्या बेसवरचा ए३२० दुसरा आणि ७७७ सगळ्यात शेवटी. एकही रकाना कोरा सोडू नका. कोरी जागा कंपनी स्वतःच्या गरजेप्रमाणे भरू शकते.