न्यूरॉनच्या, म्हणजे मज्जापेशीच्या, पडद्यातला पॅसिव्ह कंडक्टन्स (कंडक्टन्स म्हणजे करंट किती सहज वाहतो ते) आणि व्होल्टेज-गेटेड कंडक्टन्स यात नेमका फरक काय?

फरक एवढाच की पॅसिव्ह कंडक्टन्स व्होल्टेज बदललं तरी जवळपास तेवढाच राहतो आणि व्होल्टेज-गेटेड वाला व्होल्टेज बघून स्वतःच बदलतो. पॅसिव्ह कंडक्टन्स देणारे लीक चॅनल (चॅनल म्हणजे पडद्यातली आयन जायची वाट), त्यातले बरेचसे पोटॅशियमचे, कायम उघडेच असतात. म्हणून बारीक करंट सोडला की व्होल्टेज हळूहळू वक्ररेषेत चढतं आणि एका पातळीवर थांबतं, करंट दुप्पट केला की चढही दुप्पट, सरळ ओहमचा नियम.

पण साधारण -५५ मिलिव्होल्टच्या आसपास गेलात की हे गणित मोडतं, कारण व्होल्टेज-गेटेड सोडियम चॅनल उघडतात, सोडियम आत आलं की व्होल्टेज अजून वाढतं, त्याने अजून चॅनल उघडतात, आणि हे सगळं एखाद्या मिलिसेकंदात होऊन ते चॅनल आपोआप बंदही पडतात, मग उशिरा उघडणारे पोटॅशियम चॅनल व्होल्टेज खाली ओढतात.

हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांच्या १९५२ च्या मॉडेलमधले आकडे बघा, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनसाठी (मज्जापेशीचा लांब तंतू), दर चौरस सेंटिमीटरला: सोडियम जास्तीत जास्त १२० मिलिसीमेन्स (कंडक्टन्सचं एकक), पोटॅशियम ३६, लीक फक्त ०.३. आता गंमत म्हणजे त्याच मॉडेलमध्ये रेस्टला, म्हणजे पेशी शांत असताना, पोटॅशियम चॅनलचे गेट (दारं) थोडेसेच उघडे असतात, तरी त्यांचा कंडक्टन्स ०.३७ च्या आसपास भरतो, म्हणजे लीकपेक्षा जास्तच! त्यामुळे रेस्ट म्हणजे निव्वळ पॅसिव्ह असं धरू नका, ही चूक फार जण करतात आणि मग रेस्टला मोजलेला सगळा रेझिस्टन्स लीकच्या नावावर टाकतात.